पॉज दाबणाऱ्या बाईंचा कोर्स

सिनेमांमधून नैतिक पेच समजून घ्यायचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला. सहा रविवार, दर वेळी दोन तास, आम्ही १४ जण. मी नर्स आहे, २२ वर्षं झाली. मैत्रिणीनं भरीस घातलं नसतं तर नाव घातलंच नसतं, कारण ‘नैतिक’ म्हटलं की मला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो.

पहिला रविवार तसाच गेला. कांट, मिल हे तत्त्वज्ञ, आणि रुळांवरच्या पाच माणसांना वाचवायला खटका ओढून गाडी दुसऱ्या एका माणसावर वळवायची की नाही, हा पेच. मी कॅमेरा बंद करून कपड्यांच्या घड्या घातल्या.

दुसऱ्या रविवारी असगर फरहादींचा ‘अ सेपरेशन’ होता, २०११ सालचा. त्यात राझिये स्मृतिभ्रंश झालेल्या एका म्हाताऱ्याला सांभाळायला येते. पहिल्याच दिवशी त्यांचे कपडे खराब होतात. परक्या पुरुषाचे कपडे आपण बदलले तर पाप लागेल का, हे ती आधी फोन करून विचारून घेते. वर्गात दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही. पेशंट ओला पडलाय आणि आपण कुणाच्या तरी परवानगीची वाट बघतोय, हे मी वॉर्डात पुष्कळ वेळा केलंय.

पुढे राझियेला ढकलल्याचा आरोप घरमालकावर येतो, आणि त्याच्या मुलीला, तेरमेला, न्यायाधीश वडिलांबद्दल प्रश्न विचारतात. तिनं तोंड उघडायच्या आत बाईंनी पॉज दाबला. म्हणाल्या, ती काय बोलेल ते नको, तुम्ही तिच्या जागी असता तर काय बोलला असता ते लिहा. पाच मिनिटं. खोडायचं नाही.

या कोर्सची खरी करामत एवढीच आहे, आणि ती भारी आहे. सिनेमा संपल्यावर सगळेच शहाणे असतात. तेरमे खोटं बोलते हे पाहून झाल्यावर ‘बिचारी, काय करणार’ म्हणणं सोपं. मी कागदावर लिहिलं होतं, ‘खरं सांगेन.’ आणि त्याच आठवड्यात एका आजींनी मला विचारलं होतं, ‘सिस्टर, मला नक्की काय झालंय गं?’ मुलांनी सांगू नका म्हणून बजावलेलं. मी म्हटलं, ‘डॉक्टर राउंडला आले की विचारा हं.’ हे वर्गात बोलले नाही. पण कागद वहीत ठेवलाय.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’च्या वेळी मात्र चर्चा फसली. खुनाच्या खटल्यात निकाल देणाऱ्या १२ जणांच्या ज्यूरीत ११ विरुद्ध १, एकटा माणूस सगळ्यांना विचार करायला लावतो, वा वा. अहो, पण तो ज्यूरर स्वतः बाजारात जाऊन खुनातल्या चाकूसारखाच चाकू विकत आणतो! ज्यूरीतल्या माणसानं बाहेरून पुरावा आणायचा नसतो. चांगल्या हेतूनं नियम मोडलेला चालतो का, हा खरा पेच तिथेच टेबलावर रोवलेला होता आणि कुणी हात लावला नाही. मी मुद्दा काढला तर ‘वेळ संपत आली’ असं उत्तर आलं.

‘राशोमोन’ ठीक, त्यात एकाच घटनेची प्रत्येक जण वेगळी हकीकत सांगतो. ‘सत्य सापेक्ष असतं’ हे वाक्य नऊ वेळा ऐकलं, मोजलं मी. खंजीर लपवणारा लाकूडतोड्या शेवटी टाकून दिलेलं मूल घरी नेतो, त्यावर कुणी थांबलं असतं तर बरं झालं असतं.

सिनेमे आपले आपणच मिळवून आधी एकदा पाहायचे असतात, हे नाव घालताना नीट सांगत नाहीत. रात्रपाळी करणाऱ्यांना ते जड जातं. बोलायला लाजणाऱ्यांनी मात्र बिनधास्त जावं, लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती नाही.

पाचपैकी चार. एक गुण पहिला रविवार आणि तो चाकू, दोन्हींचा मिळून कापलाय.