तडे झाकून दिले: हेडलाईट दुरुस्तीत झालेली माझी फसवणूक

गाडीच्या हेडलाईटच्या काचेला तडे गेले असतील आणि कुणी "पॉलिश करून काढून देतो" म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे १८,५०० रुपये गेले. पण पैशांपेक्षा मला ताम्हिणी घाटातल्या त्या रात्रीचा राग जास्त आहे, कारण शेजारच्या सीटवर माझी मुलगी होती.

माझ्याकडे एक जर्मन टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे. २०१०ची, छत मागे दुमडणारी. २०२२ साली सेकंडहँड घेतली. बरीच वर्षं मनात होती, पैसे साठवून घेतली. आधीच्या मालकाने ती उघड्या पार्किंगमध्ये ठेवली होती आणि माझ्या सोसायटीतही जागा मिळाली ती उघड्यावरच, पश्चिमेकडे तोंड करून. काच आधी पिवळट झाली, मग धुरकट झाली आणि २०२४च्या उन्हाळ्यात वरच्या कडेला बारीक रेषा दिसायला लागल्या. समोरून पाहिलं तर काहीच कळायचं नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखं सगळं उजळायचं.

आपण काच म्हणतो, पण ती काच नसते. अ‍ॅम्बेसिडर, पद्मिनीचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते, ते कधी पिवळे पडले नाहीत. आताची 'काच' म्हणजे पॉलिकार्बोनेट. हे प्लास्टिक दगडाला दाद देत नाही, पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक थर चढवतात. खरं संरक्षण त्या थराचं. तो खराब झाला की ऊन थेट प्लास्टिकवर काम करतं. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

ऑक्टोबर २०२५मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण होणार होती. आरसी नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते, तिथे दिवेही बघतात. म्हणून एप्रिलमध्येच काम उरकायचं ठरवलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरने पूर्ण हेडलाईट बदलायला सांगितलं आणि जो आकडा दिला तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता. मग ओळखीतून हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाड्या पॉलिश-कोटिंग करून चमकवणाऱ्याकडे गेलो. दुकान चकचकीत, बाहेर महागड्या गाड्या उभ्या, बोलणं एकदम गोड.

त्याने माझ्यासमोर प्रात्यक्षिक केलं. एका छोट्या विजेच्या कपात कसलंसं द्रावण गरम केलं, नळीतून पांढरी वाफ यायला लागली, आणि ती वाफ काचेच्या अर्ध्या भागावरून फिरवली. दोन मिनिटांत तो अर्धा भाग आरशासारखा झाला. धुरकटपणा गेला, रेषाही दिसेनाशा झाल्या. "बघा साहेब, नवीन काच आणि ही काच ओळखून दाखवा." मला खरंच ओळखता आली नसती. सौदा असा ठरला: तडे काढणार, त्यावर सिरॅमिक कोटिंग, त्यावर इंपोर्टेड पीपीएफ (पारदर्शक संरक्षक) फिल्म, आणि दोन वर्षांची वॉरंटी. मी विचारलं, "तडे आतपर्यंत गेले नसतील ना?" तो म्हणाला, "वरचे आहेत साहेब, सगळे निघतात." हेच त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहिलं. ते पुढे कामी आलं.

पैसे यूपीआयने घेतले, तेही दुकानाच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या खात्यावर. बिल मागितलं तर कोऱ्या पॅडवर 'हेडलाईट वर्क' एवढंच लिहून दिलं. गाडी संध्याकाळी सात वाजता ताब्यात दिली, नुकतीच धुतलेली, काचेवर अजून पाणी ओघळत होतं. सगळ्यांना विनंती आहे, काम झालेली गाडी संध्याकाळी आणि ओली कधीही ताब्यात घेऊ नका. पाणी काचेवरचे निम्मे दोष लपवतं, उरलेले ट्यूबलाईट लपवते.

तीन आठवडे छान गेले. मग फिल्मची कड काळपट झाली, तिच्याखाली धूळ शिरली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर डाव्या दिव्याच्या आत थेंब जमलेले दिसले. फोन केला तर उत्तर आलं, "पावसाळ्यात सगळ्या गाड्यांना येतं, उन्हात सुकेल." जुलैत मी आणि मुलगी माणगावहून परत येत होतो. ताम्हिणीत अंधार पडला, पाऊस आणि धुकं दोन्ही. दिवे लावले तर रस्त्यावर प्रकाशाचा पट्टा पडतच नव्हता. समोर नुसता पांढरा धूसर पडदा, आणि कडेची पांढरी रेघ दिसेना. समोरून येणारे डिपर मारत होते, कारण माझा लो बीम फुटून त्यांच्या डोळ्यांत जात होता. एका वळणावर मी कठड्याच्या इतका जवळ गेलो की मुलगी ओरडली. तिथून मुळशीपर्यंत वीसच्या वेगाने, एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन चाकणला दाजींकडे गेलो. दाजी वीस-बावीस वर्षं प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहेत. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला, पण समोरून नाही, काचेच्या कडेला आडवा धरला. प्रकाश काचेच्या जाडीतून गेला आणि आतले सगळे तडे चांदीच्या तारांसारखे चमकले. एप्रिलमध्ये होते त्याच्या दुप्पट तरी असतील. मग त्यांनी हेअर ड्रायरने फिल्म ऊबदार करून एका कोपऱ्यातून सोलली. चांगली पीपीएफ टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते, ओढली तर रबरासारखी ताणते आणि परत येते. ही कडक होती, कडकन तुटली. फिल्मखाली एक चकचकीत थर होता. दाजींनी त्यावर नख ओढलं आणि पापुद्रा निघाला, नेलपॉलिश निघतं तसा. "हे सिरॅमिक नाही, स्प्रे कॅनचं लॅकर आहे," ते म्हणाले. "आणि वाफ कशाची मारली होती?"

मी सांगितलं तसे ते उठले आणि आतून पॉलिकार्बोनेटची एक रिजेक्ट पट्टी घेऊन आले. ती दोन्ही हातांत धनुष्यासारखी वाकवली आणि मला म्हणाले, त्या बाटलीतलं थिनर कापसाने मधोमध लाव. मी लावलं. काही सेकंदांत पट्टीवर दुधी रेषा उठायला लागल्या, एकामागून एक, आणि मग टक् असा आवाज होऊन पट्टी त्यांच्या हातात दोन तुकडे झाली. जी हातोडीने फुटली नसती ती कापसाच्या बोळ्याने तुटली.

मोल्डिंगच्या वेळी काचेत ताण राहिलेला असतो, शिवाय ती दिव्याच्या उष्णतेने रोज तापते आणि गार होते. अशा प्लास्टिकला थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल लागलं की ते तडकतं. वाफेच्या द्रावणात बहुतेकदा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखं सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारं रसायन असतं. त्याने काचेचा वरचा भाग विरघळतो, ओरखडे भरून येतात आणि क्षणात चकाकी येते. पण खाली आधीच तडे असतील तर ते सॉल्व्हंट त्यांत उतरतं आणि तडे वाढतात. ती वाफ श्वासात जाणंही घातक आहे. त्या दुकानातला वीस वर्षांचा मुलगा तोंडाला साधा रुमालही न बांधता दिवसभर ते काम करत होता.

दिव्यात पाणी का शिरलं, तेही तिथेच कळलं. आतून काच पुसायला म्हणून दिव्याच्या मागचं रबरी झाकण काढलं होतं, आणि डाव्या बाजूचं परत बसवलंच नव्हतं. माझ्या गाडीत झेनॉन वायूचा दिवा आहे, तो चालू होताना वीस हजारांच्या आसपास व्होल्टचा झटका घेतो. त्या जागी पाणी.

मी परत दुकानात गेलो. आता म्हणाला, "वॉरंटी पिवळेपणावर आहे, क्रॅकवर नाही." व्हॉट्सअ‍ॅपवरचा त्याचा मेसेज दाखवला तर, "साहेब, तुम्ही बाहेर फिल्म काढलीत, आता वॉरंटी संपली." त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली, दुकानदाराने तिला उत्तर दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाईन तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे 'एवढ्याशा रकमेसाठी कुठे' असं म्हणून सोडू नका. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि मेसेज पुरावा म्हणून जोडता येतात. मी तेच जोडलेत. फिल्म सोलतानाचा व्हिडिओ मात्र काढला नाही, ती चूक तुम्ही करू नका. सोलण्याआधी दुकानदाराला लेखी कळवा.

काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, हे आता नीट सांगतो. पिवळेपणा, धुरकटपणा आणि वरच्या थरातल्याच बारीक रेषा खरोखर निघतात. त्यासाठी वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) लागतो: ८०० नंबरपासून सुरू करून १०००, १५००, २००० आणि ३०००पर्यंत, नंबर वाढेल तसा बारीक, पाणी मारत, मग पॉलिशची पेस्ट, म्हणजे कंपाउंड. हे मेहनतीचं काम आहे आणि दोन्ही दिव्यांना काही तास लागतात. एवढं करून थांबलं तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते, कारण घासताना जुना संरक्षक थर पूर्ण गेलेला असतो. त्यावर अतिनील किरण अडवणारा टू-के (दोन घटक मिसळून मारायचा) क्लिअर कोट किंवा चांगली टीपीयू फिल्म हवीच. टूथपेस्ट, डब्ल्यूडी-४० वगैरे उपायांनी येते ती चमक एक-दोन पावसांची.

पण तडा प्लास्टिकच्या आत गेला असेल तर तो कुणीही काढू शकत नाही. जाडी अडीच-तीन मिलिमीटरची. तडा निघेपर्यंत घासत गेलं तर काच उरत नाही. ओळखायचं कसं, तर टॉर्च आडवा धरून. आणि कारागिराला सांगा की आधी एका कोपऱ्यात ८००च्या पेपरने घासून, मग कोरडा करून दाखव, वाफ नको. रेषा तिथे तशाच राहिल्या तर पॉलिशचे पैसे देऊ नका, काच बदला.

मी शेवटी तेच केलं. दाजींच्या ओळखीच्या एका कारागिराने दिवा काढला, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आत तापवून सील मऊ केलं, जुनी काच वेगळी केली आणि नवीन बाहेरची काच ब्यूटाइल या रबरासारख्या सीलने बसवली. हे सगळ्याच गाड्यांत जमत नाही. काही दिवे असल्या गोंदाने चिकटवलेले असतात की उघडताना मोडतात, म्हणून आधी विचारा. दिवा परत बसवल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून बीमची उंची लावून घेतली. वरून टीपीयू फिल्म टाकली, तिच्या रोलवरचं लेबल मी आधी पाहिलं. खर्च आधीच्या फसवणुकीपेक्षा बराच जास्त आला, पण पक्कं बिल मिळालं. ऑक्टोबरमध्ये आरटीओत दिव्यांवरून काही अडलं नाही.

गाडी आता उलटी लावतो, तोंड भिंतीकडे. जुन्या दोन्ही काचा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवल्या आहेत, पुढच्या तारखेला आयोगासमोर न्यायच्या आहेत. सोबत टॉर्चही नेणार आहे.