पूर्ण वेळ ऑनलाइन पोकर: कॅश की टूर्नामेंट?

नोकरी सोडून ऑनलाइन पोकरवर घर चालवायचं, असं ज्याच्या मनात पक्कं होत आलंय त्याला मी आधी एवढंच विचारतो: कॅश खेळणार (प्रत्येक डाव खऱ्या पैशाचा, केव्हाही बसा, केव्हाही उठा) की टूर्नामेंट (एकदा रक्कम भरायची आणि चिप्स संपेपर्यंत बक्षिसासाठी खेळायचं)? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘दोन्ही थोडं थोडं.’ हौसेपुरतं ते ठीक आहे. पोट त्यावर भरायचं असेल तर हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि एकातली सवय दुसऱ्यात नडते. मी अडीच वर्षं फक्त टूर्नामेंट खेळलो, त्यानंतरची सहा वर्षं कॅश खेळतोय. दोन्हींवर घर चाललं. आता माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण टूर्नामेंटवाल्यांची बाजू मी आत राहून पाहिलेली आहे. जिथे पैशावर खेळायला कायद्याची आडकाठी आहे तिथे हा प्रश्नच येत नाही. हे लिहितोय ते परवानगी असलेल्या ठिकाणच्या माणसासाठी.

टूर्नामेंटच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा व्यवसायाने अकाउंटंट असलेला माणूस ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. नवखा माणूस अजूनही त्याच स्वप्नापायी पोकरकडे येतो आणि थेट टूर्नामेंटमध्ये शिरतो. त्यामुळे तिथली गर्दी कॅशच्या मानाने कच्ची राहते. रात्रीचा तोटा बाय-इनपुरता, म्हणजे बसताना भरलेल्या रकमेपुरता, ठरलेला असतो आणि डाव सतत रूप बदलतो. ब्लाइंड म्हणजे डावात सक्तीने लावायची, वाढत जाणारी रक्कम; १०० ब्लाइंडचा स्टॅक (समोरच्या चिप्स) दोन तासांत १५ वर येतो, बबलजवळ, म्हणजे बक्षीस सुरू व्हायच्या सीमेवर, तीच पानांची जोडी फोल्ड करावी (टाकून द्यावी) लागते जिच्यावर तासाभरापूर्वी डोळे मिटून ऑल-इन केलं असतं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या असत्या. आयसीएम (चिप्सची बक्षिसाच्या पैशात किंमत काढायचं गणित) मुरलेला माणूस फायनल टेबलवर कसा दाब टाकतो हे बघत बसायला मला आजही आवडतं.

कॅशची तक्रार करायची तर तिलाही कमी नाही. सहा खुर्च्यांच्या टेबलावर चार जण रोजचेच, सगळ्यांनी सोल्व्हर, म्हणजे अचूक चाल काढून देणारं सॉफ्टवेअर, घोटलेला. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात कसलेल्या व्यावसायिकांना हरवून दाखवलं, तेव्हापासून समोर माणूस आहे की यंत्र ही शंका मनातून जात नाही. टूर्नामेंटची फी एकदाच, नाव नोंदवतानाच दिसते. कॅशमधला रेक, म्हणजे साइटचा कापलेला वाटा, पॉटापॉटातून झिरपत जातो आणि कमी पैशांच्या टेबलांवर सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी तोच असतो. शिवाय बसायचं कुठे हे शोधण्यातच रोजचा अर्धा तास जातो. बरं टेबल सापडलं नाही तर तुमचा खेळ कितीही चांगला असो, काही उरत नाही. आणि काम कंटाळवाणं आहे. तिसऱ्या वर्षी तर मला स्वप्नातही बटण आणि बिग ब्लाइंड या दोन जागांमधली तीच ती भांडणं दिसत.

आता चढउतार. ‘कॅश स्थिर असतं’ असं ऐकून कोणी येत असेल तर त्याने हा हिशेब आधी करावा. समजा तुमचा कमाईचा खरा वेग दर १०० हॅण्डला (डावांना) ३ बिग ब्लाइंड (दोन सक्तीच्या रकमांतली मोठी) आहे, म्हणजे तुम्ही चांगले खेळाडू आहात. प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती हलतात त्याचं माप, दर १०० हॅण्डला ९० बिग ब्लाइंडच्या आसपास धरलं, तर एक लाख हॅण्डनंतरही तुम्ही तोट्यात असण्याची शक्यता साधारण सातात एक उरते. चार टेबलं लावून ताशी ३०० हॅण्ड धरले तर हे सव्वातीनशेहून जास्त तासांचं काम झालं. इतकं नीट खेळून पदरात काही नाही, असं सातातल्या एकाचं होणार, आणि तो एक मीही होऊन गेलोय.

तरीही टूर्नामेंटपुढे हे काहीच नाही. तिथे बक्षीस मिळतं ढोबळमानाने वरच्या पंधरा टक्क्यांना, आणि खरा पैसा असतो पहिल्या तीन जागांत. म्हणजे वर्षाची कमाई चार-पाच रात्रींवर ठरते, आणि त्या रात्री कुठल्या हे आधी कळत नाही. माझी सगळ्यात लांब उतरण ४१२ टूर्नामेंटची होती. त्या काळात मी वाईट खेळत होतो की नुसतं नशीब आडवं आलं होतं, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. कॅशला मी ५० बाय-इन आणि घरखर्चाचे आठ महिने वेगळे ठेवतो. टूर्नामेंटला २०० बाय-इनही मला तोकडे वाटायचे. म्हणून तिथले बरेच जण दुसऱ्याच्या पैशाने खेळतात. त्यात तोटा पुढे ओढला जातो: आधी तो भरून निघायचा, मग नफ्याची वाटणी. एकदा त्या खड्ड्यात गेलं की महिनोन् महिने जिंकूनही हातात काही येत नाही. ज्याला हे ओझं पेलतं त्याला दोष नाही, मला ते पेललं नसतं.

पण मी वाट बदलली ती चढउतारामुळे नाही. ती बदलली उठता येत नाही म्हणून.

टूर्नामेंटमध्ये बसायची वेळ तुमची, उठायची वेळ टूर्नामेंटची. दर तासाला पाच मिनिटांची सुट्टी मिळते, तेवढ्यात पाणी, बाथरूम आणि घरच्यांशी दोन शब्द. खेळ जितका चांगला होईल तितकी रात्र लांबते. मोठ्या स्पर्धा रविवारी असतात, म्हणजे सोमवारची सकाळ गेलीच. सुरुवातीला यात मर्दुमकी वाटायची. दुसऱ्या वर्षाअखेर माझ्या लक्षात आलं की शेवटच्या दोन तासांत, जेव्हा एकेका निर्णयाची किंमत पन्नासपट असते, तेव्हाच मी सगळ्यात दमलेला असतो.

एका रविवारी चौदाशेच्या वर नोंदणी असलेली स्पर्धा होती. पहाटे पावणेपाचला आम्ही नऊ जण उरलो. सात वाजता वडिलांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला घेऊन जायचं होतं, आणि शेजारच्या खोलीत ते उठून बसल्याचं मला दारातून ऐकू येत होतं. चमच्याचा आवाज, मग नळाचा, मग चपला. माझ्याकडे १४ ब्लाइंड होते. मधल्या जागेवरून एक्का-पंजा आला, वेगवेगळ्या रंगांचा. आयसीएम माहीत असलेला कोणीही तिथे फोल्ड करेल. मी ऑल-इन दाबलं, समोरच्याने कॉल केलं ते एक्का-राणीवर. नववा आलो. बक्षीस मिळालं ते पहिल्याच्या पंधराव्या हिश्शाच्या आसपास. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. गाडी काढताना ते डोक्यात आलं आणि मी हादरलो: मला हरायचं होतं. आपल्याच कामाच्या ऐन मोक्याच्या वेळी माणसाला हरावंसं वाटत असेल तर त्या कामावर घर कसं उभं राहणार?

दोष त्या खेळाचा नाही, हेही खरं. एकटा राहणारा, रात्री जागणारा, सकाळी कोणाला काही देणं नसलेला माणूस असता तर ती पहाट त्याच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर ठरली असती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ग्रोएट्झिंगर खटल्यात म्हटलं होतं की कोणी पूर्ण वेळ, प्रामाणिक हेतूने, नियमितपणे आणि उपजीविकेसाठी पैज लावत असेल तर कराच्या दृष्टीने तो व्यवसायच आहे. तो माणूस कुत्र्यांच्या शर्यतींवर पैजा लावायचा. हा निकाल वाचल्यापासून माझं मन ‘नियमितपणे’ या शब्दाशी अडलेलं आहे. पोकर हा खरा व्यवसाय आहे का असं लोक विचारतात, तेव्हा ते जिंकण्याबद्दल विचारतात. मला वाटतं नेम ठेवता येतो का, हे विचारायला हवं. आणि नेम ठेवायला कॅशमध्ये जितकी सोय आहे तितकी टूर्नामेंटमध्ये मला सापडली नाही.

कॅशच्या टेबलावर एक छोटा चौकोन असतो: पुढच्या बिग ब्लाइंडला उठतो. त्यावर खूण केली की पाच मिनिटांत तुम्ही मोकळे. आजारी पडलात, मुलाला घ्यायला जायचंय, डोकं दुखतंय, चौथ्या टेबलावर सलग दोन चुका झाल्या, कारण काहीही असो. माझ्या वहीत दोन रकाने आहेत: उठायचं ठरलं होतं ती वेळ, आणि खरंच उठलो ती वेळ. जिंकलं-हरलं हे सॉफ्टवेअर लिहून ठेवतंच. हे दोन रकाने मी हाताने भरतो. दोन्हींत फरक नाही असे आठवडे माझे सगळ्यात चांगले गेलेत. फरक दीड तासावर गेला की पुढच्या पंधरवड्यात कुठेतरी मोठा खड्डा पडलेला असतो. हे मोजमाप शास्त्रीय नाही, पण सहा वर्षांत त्याने मला फारसं फसवलेलं नाही.

कॅशचा खरा धोकाही इथेच आहे, तो सांगायलाच हवा. कधीही उठता येतं म्हणजे कधीही बसताही येतं. टूर्नामेंटमधून बाद झालं की टेबल तुम्हाला बाहेर काढतं. कॅशमध्ये तीन बाय-इन गेल्यावर चौथा भरायला एक क्लिक पुरते, आणि रात्री दोनला गेलेलं काढायला बसलेला माणूस तेच क्लिक करतो. ज्याला ही खोड आहे, आणि आपल्याला ती आहे की नाही हे प्रत्येकाला आतून ठाऊक असतं, त्याने कॅशच्या वाटेला जाऊ नये. कदाचित पोकरच्याच जाऊ नये. शिवाय घड्याळ पूर्ण तुमचं होतं असंही नाही: हौशी मंडळी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी खेळतात, तेव्हा तुमच्या संध्याकाळी जाणारच. फक्त त्या किती आणि कुठवर, हे तुम्ही ठरवता.

एका बाबतीत दोन्हींत फरक नाही. १५ एप्रिल २०११ला अमेरिकी सरकारने मोठ्या साइट्सवर कारवाई केली. त्यांतल्या फुल टिल्टकडे खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवलेलेच नव्हते, हे नंतर उघडं पडलं. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतफेड सुरू व्हायला २०१४ उजाडलं. कॅश असो की टूर्नामेंट, साइटवर कामापुरतं ठेवा, बाकीचं दर आठवड्याला बँकेत आणा.

तुमचं वय कमी असेल, डोक्यावर जबाबदारी नसेल, वर्षभर कमाई न होता तग धरता येत असेल आणि मोठ्या रात्रीची ओढ खरोखर असेल, तर टूर्नामेंट करून पाहायला हरकत नाही. त्या वयात मीही तेच केलं आणि पश्चात्ताप नाही. घरात कोणी वाट बघणारं असेल तर माझं ऐका, कॅशने सुरुवात करा. नोकरी सोडण्याआधी तीन महिने रोज तीन तास खेळा, उठायची वेळ बसण्याआधी वहीत लिहा, आणि ती वेळ झाली की हरत असलात तरी, जिंकत असलात तरी त्या चौकोनावर खूण करा. तीन महिन्यांनी दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा आणि मगच राजीनामा लिहायला घ्या.