मिस मार्पलचे दोन चित्रपट: आधी कोणता पाहावा?

मार्गारेट रदरफोर्ड यांनी हौशी गुप्तहेर मिस मार्पल साकारलेले ‘मर्डर, शी सेड’ (१९६१) आणि ‘मर्डर ॲट द गॅलप’ (१९६३) हे दोन्ही कृष्णधवल ब्रिटिश चित्रपट जॉर्ज पोलॉक यांनी दिग्दर्शित केले. पहिल्यात शेजारून धावणाऱ्या आगगाडीच्या खिडकीचा पडदा अचानक वर सरकतो, एक पाठमोरा पुरुष स्त्रीचा गळा आवळताना दिसतो आणि पोलिसांचा विश्वास बसत नाही म्हणून या वयस्क बाई स्वतःच मोलकरीण होऊन संशयित घरात शिरतात. अगाथा ख्रिस्ती यांच्या मूळ कादंबरीत हा खून मार्पल यांची मैत्रीण पाहते आणि त्या घरात एक तरुणी कामाला जाते; ही सारी कामे एकाच व्यक्तीकडे आल्याने कथेला विलक्षण वेग आला आहे, असे मला वाटते. पुढे दूरचित्रवाणीवर मिस मार्पल झालेल्या जोन हिक्सन येथे छोट्या भूमिकेत आहेत. त्यांना आवर्जून पाहावे.

दुसरा चित्रपट मुळात ख्रिस्ती यांच्याच दुसऱ्या गुप्तहेराच्या, पॉयरोच्या कादंबरीवर बेतलेला आहे. मांजराची भीती बाळगणारा वृद्ध जिन्यावरून कोसळतो, ही सुरुवात उत्तम आहे. पुढे मात्र विनोद रहस्यावर मात करतो. रॉबर्ट मॉर्ली यांच्यासोबतचे प्रसंग खुमासदार असले, तरी आधी १९६१चाच चित्रपट पाहावा.