सेंटिनेल-१ ची रडार चित्रं: नदी दिसते, बुडालेला ऊस दिसत नाही

मी सांगलीजवळ भूगोल शिकवते आणि घरची अडीच एकर मळी कृष्णेच्या काठाला आहे. युरोपच्या या उपग्रहाची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती मी निम्मी वर्गासाठी बघते, निम्मी स्वतःसाठी.

पहिल्यांदा ऑगस्ट २०१९ उघडला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तो महापूर. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला त्या दिवसांत दिसला नुसता पिंजलेला कापूस. सेंटिनेल-१ स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या टिपतो, त्याला ना ढगांची अडचण ना अंधाराची. संथ पाण्यावरून लहरी आरशावरच्या उजेडासारख्या पलीकडे निघून जातात, म्हणून पाणी काळंभोर दिसतं. शेजारी मे महिन्याचं चित्र ठेवलं की नदी कुठवर पसरली ते सातवीच्या पोरांनाही कळतं. इथं पैकीच्या पैकी.

मग सासरे चष्मा लावून बसले. आमची मळी चित्रात चांगली उजळ, म्हणजे कोरडी!

"अगं, हितं तर मी काहिलीत बसून म्हस सोडाय गेलो हुतो. छातीएवढं पाणी हुतं."

खरंच होतं. काहील म्हणजे गुळाची मोठी कढई, पुरात तीच नाव होते. आडसालीचा, म्हणजे आदल्या पावसाळ्यात लावलेला ऊस ऑगस्टात डोक्यावर गेलेला असतो. या रडारची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची, ती वरच्या पाल्यातच विखुरते आणि खालचं पाणी लपतं. ज्या भागात उसाशिवाय दुसरं फारसं नाही, तिथं ही उणीव लहान कशी म्हणायची? नुसत्या या काळ्या डागांवरून पंचनामा केला, तर आमच्यासारखे कोरडेच ठरतील.

बाकी किरकोळ. चित्राला मिठाच्या खड्यांसारखा खरबरीतपणा असतो, डोळ्यांना सवय होते. सह्याद्रीकडचे डोंगर एका अंगाला कललेले दिसतात. सेंटिनेल-१ ही खरं तर उपग्रहांची जोडी, त्यातला एकेक त्याच वाटेवर १२ दिवसांनी येतो, तेवढ्यात पूर ओसरूनही जातो. डिसेंबर २०२१ मध्ये जोडीतला एक बंद पडला, तेव्हा चित्रं आणखी विरळ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नवा सोडला. मूळ फाइल मात्र उतरवायच्या भानगडीत पडू नका, माझा जुना लॅपटॉप त्यात धापा टाकतो. ब्राउझरमध्येच बघा.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह गेला. त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती पाल्यातून बरीच खाली उतरते. सासऱ्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय, त्याचं चित्र आलं की आधी आपली मळी दाखव.