भित्रा शिपाई कोणत्या गेममध्ये खेळावा?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकानं एकेक कॅरेक्टर म्हणजे पात्र वठवत खेळायच्या रोलप्लेइंग गेममधला हा प्रसंग. पार्टीसमोर, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीसमोर, दोरखंडाचा पूल आहे. मध्यावर क्लेरिकचा, म्हणजे टोळीतल्या पुजाऱ्याचा, पाय फळ्यांत अडकलाय आणि पलीकडून ओगर नावाचा धिप्पाड राक्षस चालत येतोय. अलीकडच्या काठावर ऑरिन उभा आहे, हातात तलवार. दहा वर्षांपूर्वी अशाच एका पुलावर तो सोबत्यांना सोडून पळाला होता. पार्टीत हे कुणालाच माहीत नाही.

आता तो काय करणार, हे कुणी ठरवायचं? खेळाडूनं, फाशांनी की गोष्ट चालवणाऱ्या गेममास्टरनं (जीएम)? स्वभावात मोठी खोट असलेलं कॅरेक्टर खेळायचं मनात असेल, तर पार्श्वकथेची पानं भरण्याआधी एवढं ठरवा, कारण प्रत्येक गेमचं उत्तर वेगळं आहे. मी इथे चार गेम घेतेय आणि चारही ठिकाणी ऑरिन तोच ठेवतेय.

बहुतेकांच्या टेबलावर असतो तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, खोट लिहायला वेगळी चौकट आहे. ऑरिन कचरला आणि डीएमला (या गेममध्ये गेममास्टरला असं म्हणतात) ते भावलं, तर इन्स्पिरेशन मिळतं. ते खर्चून पुढच्या एखाद्या रोलला वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. पण एका वेळी एकच बाळगता येतं, आणि द्यायचं की नाही हे सर्वस्वी डीएमच्या हातात. लढाईच्या गडबडीत डीएम विसरतो, खेळाडूही विसरतो. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तर पार्श्वभूमीसोबत येणारे खोटींचे तक्तेच उरलेले नाहीत. म्हणजे ऑरिनचा भित्रेपणा तुम्ही लक्षात ठेवाल तेवढाच खरा. मुरलेल्या खेळाडूला हे मोकळं रान मानवतं. नवख्याचा ऑरिन मात्र तिसऱ्या सेशनपर्यंत इतरांइतकाच शूर होऊन बसतो.

‘गर्प्स’ (१९८६) खोटीला रोख भाव देतो. भित्रेपणा घेतला की पात्र घडवायला १० गुण हातात येतात, ते तलवारबाजीत घाला. बदल्यात धोका समोर आला की सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे. बेरीज १२ किंवा त्याखाली आली तर ऑरिन सावरला. चारांत जवळपास तीनदा सावरेल, म्हणजे सौदा स्वस्त वाटतो. पण धोका जिवावरचा असेल तर १२ मधून ५ वजा होतात. आता ७ किंवा त्याखालीच यायला हवेत, आणि तसं शंभरात सोळा वेळाच होतं. ओगरसमोर ऑरिन बहुधा पळणारच. इथे खोट विसरायची सोय नाही, हे या गेमचं बळ. मला खटकतं ते एवढंच की गुणांच्या लोभानं माणसं नको त्या चार खोटी गोळा करतात आणि मग त्यातली एकही मनापासून खेळत नाहीत.

‘पेंड्रॅगन’बद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. ग्रेग स्टॅफर्ड यांचा हा १९८५ चा गेम आर्थर राजाच्या सरदारांचा आहे, त्यामुळे शिपाई ऑरिनला इथे सरदार व्हावं लागेल. स्वभावाच्या तेरा जोड्या असतात: दयाळू आणि क्रूर, शूर आणि भित्रा, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. ऑरिनचं शौर्य ८, म्हणून भित्रेपणा १२. पुलापाशी आधी शौर्यावर वीस बाजूंचा फासा टाकायचा; ८ किंवा त्याखाली आला तर ऑरिन थांबतो. ८ च्या वर आला तर भित्रेपणावर. तोही फसला तरच निवड तुमची. आणि तो पळाला तर भित्रेपणासमोर खूण होऊ शकते. वर्षाअखेरी, हिवाळ्यात, त्या खुणेवर पुन्हा फासा पडतो, आणि १२ चे १३ होऊ शकतात, शौर्य ७ वर घसरतं. भिऊन पळालेला माणूस पुढच्या वेळी जरा जास्त लवकर पळतो, हे सत्य मी एवढ्या साध्या आकडेमोडीत दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. उलटंही खरं: ऑरिन थांबला, तर तोच फासा त्याला हळूहळू वर काढतो. पण आपलं कॅरेक्टर आपल्या हातून निसटलेलं ज्यांना सोसत नाही, त्यांनी इकडे फिरकू नये.

‘फेट कोअर’ (२०१३) मध्ये अशा क्षणी फासा पडतच नाही. शीटवर ‘ट्रबल’ म्हणून एक वाक्य असतं: ‘पुलावर सोडलेले अजून हाका मारतात.’ जीएम टेबलावर एक टोकन पुढे सरकवतो आणि म्हणतो, “ऑरिनचे पाय खिळले. क्लेरिकपर्यंत तो पोचत नाही. चालेल?” टोकन घेतलं तर संकट ओढवतं, पण पुढे एखाद्या रोलमध्ये ते खर्चून बेरजेत दोन वाढवता येतात. नाकारायचं तर आपल्याजवळचं एक टोकन द्यावं लागतं, आणि सुरुवातीला असतात सहसा तीनच. ते टोकन मध्ये पडलेलं असतं तेव्हा सगळं टेबल गप्प होतं. खेळाडूची बोटं पुढे जातात, थांबतात.

यातला कुठलाही गेम एका गोष्टीपासून वाचवत नाही. मी एकदा हावरट चोर खेळले होते. पार्टी झोपलेली असताना सोबत्याच्याच थैलीतलं रत्न लांबवलं, आणि “माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं” म्हणाले. त्या मैत्रिणीनं काही न बोलता आपले फासे एकेक करून पुरचुंडीत भरले. चोराच्या हावेची किंमत चोरानं मोजायला हवी होती, ती तिनं मोजली. भित्रेपणा, व्यसन, मोडलेली शपथ यांचा पहिला घाव आपल्याच कॅरेक्टरवर बसतो. चोरी, लबाडी, फितुरीचा शेजाऱ्यावर. पहिल्यांदा खेळताना पहिल्या गटातलीच खोट घ्या.

आणि गेम? ग्रुप तयार असेल तर ‘फेट’, कारण खोट ओढवून घ्यायची की नाही हे दर वेळी तुम्हाला उघड उघड ठरवावं लागतं. मोठं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) आणि धीर दोन्ही असेल तर ‘पेंड्रॅगन’. ग्रुप ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सोडायला राजी नसेल, तर डीएमला सांगा की इन्स्पिरेशन मागाहून बक्षीस म्हणून नको, ऐन पुलापाशी टोकनासारखं पुढे सरकव. नियमात असं लिहिलेलं नाही, पण चालतं. फक्त सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, क्लेरिक खेळणाऱ्याला विचारून घ्या: “माझ्या भित्रेपणापायी तुझं कॅरेक्टर पुलावरून पडलं, तर चालेल तुला?”