पोस्टाचं बचत खातं, दहा वर्षांपुढच्या मुलांच्या स्वतःच्या नावाचं

ठाण्यातल्या पालकांना मुलांच्या हाती पैसे सोपवायला सुरुवात करायची असेल तर हे खातं आम्ही बिनधास्त सुचवू. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल ते स्वतःच्या सहीने चालवू शकतं. किमान शिल्लक ५०० रुपये, व्याज वर्षाला ४ टक्के. अल्पवयीनाच्या खात्यावर एटीएम कार्ड मिळत नाही. पुष्कळांना ही गैरसोय वाटते, पण या वयात हाच खात्याचा मोठा गुण आहे. फोन पुढे केला की पैसे गेले, अशा व्यवहारात मुलाला पैसा दिसतच नाही. इथे पन्नास रुपये काढायचे तरी फॉर्म भरून खिडकीशी उभं राहावं लागतं आणि रांगेतल्या त्या दहा मिनिटांत बऱ्याच खरेद्या आपोआप रद्द होतात.

पोस्ट घराजवळचंच निवडा. नौपाड्यातल्या मुलाला नौपाड्याचं पोस्ट चालत जाता येतं. घोडबंदर रोडवरून दर वेळी स्टेशनकडे यायचं ठरवलं, तर दोन-तीन महिन्यांत पासबुक कपाटात जाऊन पडतं. जन्मदाखला, आधार आणि फोटो न्या. पालकांची कागदपत्रंही सोबत असू द्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सहीचा. अकराव्या वर्षी केलेली वळणदार सही तेराव्या वर्षी तशी उमटत नाही, नमुन्याशी जुळत नाही आणि पैसे काढायचा फॉर्म परत येतो. म्हणून सही म्हणजे साधं, सुटं, पूर्ण नाव ठेवा. फॉर्मवर करण्याआधी कोऱ्या कागदावर दहा वेळा करून घ्या. पुढे बदललीच तर ओळखपत्रासह अर्ज देऊन नवा नमुना नोंदवता येतो. स्लिपही मुलानेच भरावी. ‘अक्षरी रुपये’ या रकान्याशी मुलं हमखास अडतात. ‘सहाशे पन्नास मात्र’ हे दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं तरी चालेल, पेन आपल्या हातात घेऊ नका.

आता व्याज. महिन्याच्या १० तारखेनंतर अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक राहते, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. समजा खात्यात १,२०० रुपये आहेत आणि भाऊबीजेच्या ओवाळणीचे ६०० रुपये ९ तारखेला भरले, तर त्या महिन्याचे ६ रुपये होतात. तेच १२ तारखेला भरले तर ४. दोनच रुपयांचा फरक, पण मुलाने तो स्वतः वहीत काढला की तारीख त्याच्या पक्की लक्षात राहते. व्याज आर्थिक वर्षाच्या शेवटी जमा होतं. एप्रिलमध्ये पासबुक छापून आणण्याआधी आकडा मुलाकडून काढून घ्या, मग छापलेल्या ओळीशी ताडून बघायला सांगा.

जोडीला आवर्ती ठेव म्हणजे आरडी उघडता येते, तीही दहा वर्षांपुढे स्वतःच्या नावाने. दरमहा किमान १०० रुपये, मुदत पाच वर्षं. ६.७ टक्के दराने ६,००० भरून साधारण ७,१३७ मिळतात. खातं १५ तारखेपर्यंत उघडलं तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा, १५ नंतर उघडलं तर महिन्याच्या अखेरीपर्यंत. हप्ता चुकला की शंभरामागे महिना १ रुपया दंड. तो पालकांनी गुपचूप भरू नये, खाऊच्या पैशातूनच जाऊ द्या. तीन वर्षांनंतर मुदतीआधी मोडता येते, मात्र तेव्हा व्याज बचत खात्याच्याच दराने मिळतं.

उणिवा आहेत. शाळा सुटेपर्यंत खिडकी बंद झालेली असते, म्हणून मुलांना शनिवार किंवा शाळेची सुट्टीच गाठावी लागते. मूल सोळाच्या पुढचं असेल तर थेट बँकेत जा. दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतंत्रपणे खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे, आणि कॉलेजच्या वयात कार्ड जपून वापरायलाही शिकायचंच असतं. पोस्टाचं खातं पुढे चालू ठेवायचं असल्यास अठरा पूर्ण होताच नवा फॉर्म आणि केवायसी द्यावं लागतं.