'अ टेस्ट ऑफ विल्स': तपास करणाऱ्याच्या मागे लागलेलं युद्ध

चार्ल्स टॉड या नावाने आई आणि मुलगा मिळून लिहीत. १९९६ सालची ही त्यांची पहिली कादंबरी. घडते पहिलं महायुद्ध नुकतंच संपल्यावर, १९१९ मध्ये, इंग्लंडमधल्या वॉरिकशायरच्या एका खेड्यात. घोड्यावरून निघालेल्या कर्नल हॅरिसला कुणीतरी छर्ऱ्याच्या बंदुकीने उडवलंय. संशय कॅप्टन विल्टनवर. तो व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेला वैमानिक, वर राजघराण्यात ऊठबस. तेव्हा गावच्या पोलिसांनी हात झटकले आणि प्रकरण स्कॉटलंड यार्डच्या इन्स्पेक्टर रटलेजच्या गळ्यात आलं.

विल्टनविरुद्ध बोलणारा महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे युद्धात डोक्यावर परिणाम झालेला एक दारुडा. रटलेजचंही दुखणं तेच, फक्त त्याने ते लपवलंय. साक्षीदाराला वेडा ठरवावं तर स्वतःचीही अक्कल संशयात, खरा मानावा तर एका वीराला फास. कादंबरीची सगळी ताकद या पेचात आहे.

रटलेजच्या कानात सतत बोलतो तो हेमिश. १९१६ साली फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत रटलेजच्या हाताखालच्या या कॉर्पोरलने आपली माणसं पुन्हा मशीनगनच्या तोंडी द्यायला नकार दिला. त्याला गोळ्या घालायची वेळ रटलेजवर आली, शेवटची गोळीही त्यानेच घातली. तेवढ्यात तोफगोळा पडून दोघे गाडले गेले आणि हेमिशच्या प्रेताआड उरलेल्या हवेवर रटलेज जगला. आता हेमिश म्हणजे रटलेजच्या डोक्यातला आवाज; त्याला लेखकांनी भूत केलं नाही, हे फार चांगलं. तो टोचतो, शंका काढतो, कधी रटलेजच्या आधी खोटं पकडतो. फौजी नायकाच्या रहस्यकथांत युद्धाच्या आठवणी बहुधा चवीपुरत्या येतात. इथे त्या काढल्या तर तपासच उभा राहत नाही.

बेळगावला मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आणि खानापूर-निपाणीकडच्या कित्येक घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो. त्या घरांतल्या वाचकांना हुकूम आणि माणसं यांच्यामधली ओढाताण समजावून सांगावी लागणार नाही. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुटच्या वेढ्यात ब्रिटिशांच्या बाजूने अडकल्या होत्या; २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. त्यातून परतलेला एखादा हवालदार मराठी रहस्यकथेत तपासाला यायलाच हवा, इतका हा विषय आपला आहे.

उणिवाही आहेत. मधल्या भागात त्याच माणसांच्या त्याच चौकश्या होत राहतात, वेग पडतो. पात्रं भराभर येतात, म्हणून पहिल्या काही प्रकरणांत नावं आणि नाती कागदावर टिपून ठेवावीत. हेमिशचं स्कॉटिश वळणाचं इंग्रजी सुरुवातीला अडतं. मोठ्याने वाचलं की सुटतं. खरी खोट शेवटात आहे. खुनी कोण हे कळतं तेव्हा धक्का बसतो, पण मागे जाऊन पाहावं तर पेरलेले धागे तोकडे. बाकी सगळा तपास इतका चोख असताना हे खटकतं.

रटलेजची मालिका इथूनच सुरू करा, मधला भाग आधी उचलू नका. दुसऱ्या भागाचं नाव 'विंग्ज ऑफ फायर'. दुकानात मागताना लेखकाचं नाव जरूर सांगा, नाहीतर हातात कलामसाहेबांचं आत्मचरित्र येईल.